नैसर्गिक प्रकाश (छायाचित्रण)

छायाचित्रणात सूर्य, आकाश आणि चंद्र यांच्यापासून थेट किंवा परावर्तित होऊन मिळणाऱ्या प्रकाशाला नैसर्गिक प्रकाश असे म्हणतात. हा प्रकाश छायाचित्रकाराला निर्माण करता येत नाही, हलवता येत नाही की मालवता येत नाही. त्याला वेळ निवडता येते, स्वतःची जागा बदलता येते, चित्रविषयाला वळवता येते आणि प्रकाशाच्या वाटेत आडोसा किंवा परावर्तक ठेवता येतो. म्हणून नैसर्गिक प्रकाशाचा वापर हे यंत्र हाताळण्याइतकेच निरीक्षणाचे कौशल्य आहे. हे निरीक्षण प्रामुख्याने सावलीच्या आधारे केले जाते. सावलीच्या दिशेवरून प्रकाशाची दिशा कळते, लांबीवरून सूर्याची उंची, कडेवरून प्रकाशाची कठोरता किंवा मृदुता आणि गडदपणावरून दृश्यातील उजळ व काळोख्या भागांमधील अंतर कळते.

संज्ञा व व्याप्ती

‘फोटोग्राफी’ हा शब्द प्रकाश आणि लेखन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. मराठीत रूढ झालेल्या ‘छायाचित्र’ या शब्दात मात्र छाया आहे. संस्कृतात छाया या शब्दाचे सावली, प्रतिबिंब आणि कांती असे तिन्ही अर्थ होतात. सपाट कागदावर वस्तूची गोलाई आणि खोली प्रकाश व सावली यांच्या संयोगानेच दिसते. त्यामुळे दोन्ही नावे एकाच क्रियेच्या दोन बाजू सांगतात.

‘उपलब्ध प्रकाश’ ही संज्ञा नैसर्गिक प्रकाशापेक्षा व्यापक आहे. रस्त्यावरचे दिवे, घरातील ट्यूबलाइट, देवघरातील समई असा छायाचित्रकाराने स्वतः न आणलेला सर्व प्रकाश तीत मोडतो.

इतिहास

आरंभीचे सर्व छायाचित्रण सूर्यावर अवलंबून होते. फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून घेतलेले दृश्य हे निसर्गातून घेतलेले, आज अस्तित्वात असलेले सर्वांत जुने छायाचित्र मानले जाते. डांबरासारख्या पदार्थाचा लेप दिलेल्या धातूच्या पत्र्यावर ते उमटले. त्यासाठी किमान आठ तास लागले असावेत, असे परंपरेने मानले जाते. काही संशोधकांच्या मते हा काळ याहूनही मोठा होता. या दीर्घ काळात सूर्य आकाशाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकला, म्हणून चित्रात इमारतींच्या समोरासमोरच्या दोन्ही बाजूंवर ऊन दिसते. डोळ्यांना एका क्षणी कधीही न दिसणारा प्रकाश त्यात नोंदला गेला आहे.

लुई दागेर याने १८३८ मध्ये घेतलेल्या पॅरिसमधील एका रस्त्याच्या चित्रात वाहती रहदारी उमटलीच नाही. बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा दिसतो. व्यक्तिचित्रे घेण्यास प्रारंभ झाला तेव्हा बैठकीतील व्यक्तीचे डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार दिला जाई. पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून स्टुडिओ इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर असत आणि त्यांना काचेचे छप्पर असे. १८६० च्या दशकात मॅग्नेशियम जाळून मिळणारा प्रकाश वापरात आला, तरी सूर्यप्रकाशावरील अवलंबित्व त्यानंतरही बराच काळ टिकले.

मुंबईत १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ या संस्थेची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत.

कृत्रिम प्रकाश सहज उपलब्ध झाल्यावरही नैसर्गिक प्रकाश हा त्याचा आदर्श राहिला. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटासाठी वाराणसीतील घराचे अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारण्यात आले होते. अशा अंगणात वरून येणारा प्रकाश जवळजवळ सावलीरहित असतो. छायालेखक सुब्रत मित्र यांनी देखाव्यावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचे झोत त्यावर टाकून परतलेल्या प्रकाशात चित्रीकरण केले. खऱ्या अंगणातील प्रकाशाचे निरीक्षण या योजनेच्या मुळाशी होते.

प्रकाशाचे गुणधर्म

तीव्रता : भर उन्हात भूमीवर सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश पडतो. पूर्ण ढगाळ दिवशी तो याच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो, तर पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नसतो. ऊन आणि चांदणे यांच्या तीव्रतेत सुमारे चार लाख पटींचा फरक आहे. डोळ्यांतील बाहुली व दृष्टिपटल परिस्थितीशी जुळवून घेत असल्याने हा फरक मनाला तितका जाणवत नाही. कॅमेरा मात्र एका वेळी एकाच मापाने प्रकाश घेतो.

दिशा : प्रकाश समोरून आल्यास रंग स्पष्ट दिसतात, परंतु सावल्या वस्तूच्या मागे जातात आणि चित्र सपाट भासते. बाजूने येणारा प्रकाश पोत आणि उठाव दाखवतो. शिलालेखाची अक्षरे, नांगरलेल्या शेताच्या तासा किंवा वृद्ध चेहऱ्यावरील सुरकुत्या अशा प्रकाशात ठळक होतात. मागून येणाऱ्या प्रकाशात वस्तूची बाह्यरेषा उजळते. पाने, पाकळ्या, धुके आणि धूळ यांतून प्रकाश आरपार येऊन ती तेजाळतात. डोक्यावरून येणाऱ्या प्रकाशात डोळ्यांच्या खोबणी काळोख्या होतात व नाकाची सावली ओठांवर उतरते.

कठोरता व मृदुता : सावलीची कड किती तीक्ष्ण असेल, हे प्रकाशस्रोत चित्रविषयाच्या जागेवरून किती मोठा दिसतो यावर ठरते. सूर्य प्रत्यक्षात प्रचंड असला तरी पृथ्वीवरून त्याचा व्यास केवळ अर्ध्या अंशाचा दिसतो; म्हणून उन्हातील सावली रेखीव असते. आकाश ढगांनी भरले की संपूर्ण आकाशच प्रकाशस्रोत बनते आणि सावली विरघळते. सूर्य ढगाआड जाताच प्रकाश कमी होतो, हे सर्वांच्या लक्षात येते. त्याच वेळी स्रोताचा आकार बदलतो, हे लक्षात येण्यास अभ्यास लागतो.

रंग : सूर्यप्रकाश वातावरणातून येताना त्यातील निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा अधिक विखुरतो. म्हणून आकाश निळे दिसते आणि क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश लांबचा प्रवास करताना तांबूस होतो. प्रकाशाचा रंग केल्व्हिन या एककात मोजतात. सूर्योदयाच्या वेळी तो २,००० ते ३,००० केल्व्हिन, दुपारी सुमारे ५,५०० आणि ढगाळ हवेत सुमारे ६,५०० ते ७,००० असतो. निरभ्र आकाशाखालील सावलीत तो ८,००० किंवा त्याहूनही अधिक होतो. आकडा वाढतो तसा प्रकाश अधिक निळा असतो. मन पांढऱ्या कागदाला कोणत्याही प्रकाशात पांढराच समजते. कॅमेऱ्याला ते ‘व्हाइट बॅलन्स’ या योजनेद्वारे सांगावे लागते.

परिसरही प्रकाशाला रंग देतो. दाट पानांखाली उभ्या असलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर हिरवी झाक येते, तर कोकणातील जांभ्या दगडाच्या भिंतीजवळ तांबूस.

वेळ, अक्षांश व ऋतू

सूर्य क्षितिजाजवळ असतानाच्या काळाला ‘सुवर्णकाळ’ म्हणतात. या वेळी प्रकाश तिरपा, तांबूस आणि सौम्य असतो. सूर्य क्षितिजाखाली असतानाच्या संधिप्रकाशाला ‘नीलकाळ’ म्हणतात; तेव्हा आकाशाचा गडद निळा रंग आणि घरांतील दिवे यांचा काही मिनिटे समतोल साधतो.

या काळांची लांबी अक्षांशानुसार बदलते. विषुवदिनाच्या सुमारास सूर्याला क्षितिजापासून सहा अंश उंची ओलांडण्यास लंडनमध्ये जवळजवळ ४० मिनिटे लागतात, तर मुंबईत सुमारे २५. कारण उष्ण कटिबंधात सूर्य अधिक उभ्या मार्गाने उगवतो आणि मावळतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून केवळ १५ अंश वर असतो. मुंबईत तो ४७ अंशांहून अधिक उंचीवर असतो. परिणामी युरोपात हिवाळ्यात दिवसभर मिळणारा तिरपा प्रकाश महाराष्ट्रात सकाळ-संध्याकाळच मिळतो. युरोपीय पुस्तकांतील वेळांचे कोष्टक येथे जसेच्या तसे लागू पडत नाही, ते यामुळे.

उत्तरेकडील खिडकीविषयीही असेच म्हणता येते. उत्तर गोलार्धातील युरोपात सूर्य दुपारी नेहमी दक्षिणेस असतो. त्यामुळे उत्तरेकडील खिडकीतून दिवसाच्या मुख्य भागात थेट ऊन न येता आकाशाचा मृदू प्रकाश येतो, आणि चित्रकार व छायाचित्रकार यांनी अशा खिडकीला परंपरेने पसंती दिली. संपूर्ण महाराष्ट्र मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. मुंबई व पुणे येथे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. हेच ‘शून्य सावलीचे दिवस’ होत. या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस असतो आणि उत्तरेच्या खिडकीत ऊन येऊ शकते.

ऋतूंनुसारही प्रकाश बदलतो. पावसाळ्यातील ढगाळ आकाश मोठ्या छतासारखे काम करते. फुले, ओली पाने आणि चेहरे यांना हा प्रकाश अनुकूल असतो. त्यात आकाश मात्र पांढरे व निर्जीव उमटते, म्हणून चौकटीत आकाशाला कमी जागा दिली जाते. पाऊस ओसरल्यावर हवेतील धूळ धुतली जाऊन दूरचे डोंगर स्पष्ट दिसतात. हिवाळ्यातील सकाळच्या धुक्यात जवळची वस्तू गडद आणि दूरची फिकट होत जाते, व त्यामुळे चित्राला खोली मिळते. उन्हाळ्यातील दुपार व्यक्तिचित्रासाठी कठीण असली, तरी वास्तूंच्या भूमितीय सावल्यांसाठी उपयुक्त असते.

वास्तू आणि प्रकाश

खिडकी हा घरात मिळणारा सर्वांत सुलभ मृदू प्रकाशस्रोत आहे. व्यक्ती खिडकीच्या जवळ असेल तर खिडकी तिच्या दृष्टीने मोठी असते आणि सावल्या सौम्य पडतात. खिडकीपासून दूर जाताना प्रकाश झपाट्याने कमी होतो. एक मीटरवर बसलेल्या व्यक्तीचा चेहरा उजळ आणि तिच्या बरीच मागे असलेली भिंत काळोखी, असा परिणाम त्यामुळे साधता येतो. उघड्यावर असे होत नाही. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने काही मीटरांच्या अंतराने त्याच्या प्रकाशात फरक पडत नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूस पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तक्ता धरल्यास चेहऱ्याची काळोखी बाजू उजळते; काळे कापड धरल्यास ती अधिक गडद होते. प्रकाश एका बाजूने व थोडा वरून आला, तर दूरच्या गालावर डोळ्याखाली प्रकाशाचा लहान त्रिकोण उमटतो. डच चित्रकार रेम्ब्राँ याच्या व्यक्तिचित्रांवरून या मांडणीला त्याचे नाव मिळाले आहे.

महाराष्ट्रातील पारंपरिक घरांच्या रचनेतही प्रकाशाच्या निरनिराळ्या तऱ्हा आढळतात. वाड्याच्या चौकात प्रकाश वरून येतो आणि भोवतालच्या भिंतींवर आपटून सौम्य होतो. ओसरीत बसलेल्या व्यक्तीवर छपरामुळे वरचे ऊन येत नाही. समोरच्या अंगणातून परावर्तित झालेला प्रकाश खालून व समोरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणी उजळतो. भर दुपारी व्यक्तिचित्र घ्यावयाचे असल्यास ओसरीची कड ही योग्य जागा ठरते, ती यामुळेच.

कार्ले येथील चैत्यगृहात दर्शनी भागावरील घोड्याच्या नालेच्या आकाराच्या मोठ्या गवाक्षातून प्रकाश आत शिरतो. लेणे पश्चिमाभिमुख असल्याने थेट ऊन दुपारनंतर येते. स्तंभांच्या रांगा सावलीत राहून नजर मधल्या प्रकाशाकडे व टोकाच्या स्तूपाकडे जाते. अशा ठिकाणी फ्लॅश वापरल्यास शिल्पकारांनी योजलेली प्रकाशाची ही मांडणीच पुसली जाते. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत तर रंगांच्या संरक्षणासाठी फ्लॅशला मनाई आहे.

उद्भासन

फिल्मवर किंवा संवेदकावर पडू दिलेल्या एकूण प्रकाशाला उद्भासन म्हणतात. व्यवहारात ‘एक्सपोजर’ हाच शब्द रूढ आहे. ते लेन्सचे छिद्र आणि शटर उघडे राहण्याचा काळ यांवर ठरते. त्यांचे माप निवडताना आयएसओ या आकड्याने दर्शविलेली संवेदनक्षमता विचारात घेतात. मापक नसताना वापरावयाचा एक जुना नियम असा : स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ ठेवावे आणि शटरचा काळ आयएसओच्या आकड्याने एकास भागून येईल तितका, म्हणजे आयएसओ १०० असता १/१०० सेकंदाच्या जवळपास ठेवावा. पुढील छिद्रे सावली पाहून ठरवतात. सावलीची कड अस्पष्ट असेल तर एफ/११, सावली जेमतेम दिसत असेल तर एफ/८, मुळीच दिसत नसेल तर एफ/५.६ आणि स्वतः चित्रविषयच उघड्या आकाशाखालील सावलीत असेल तर एफ/४.

याच हिशेबाने चांदण्यातील दृश्याचाही अंदाज बांधता येतो. ऊन व चांदणे यांतील चार लाख पटींचा फरक धरल्यास आयएसओ १०० व छिद्र एफ/२.८ असता शटर सुमारे दोन मिनिटे उघडे ठेवावे लागते.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचे न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाचे चित्र (१९४१) हे प्रकाशाच्या ज्ञानाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मावळतीचे ऊन दफनभूमीतील पांढऱ्या क्रुसांवरून सरकत होते आणि उद्भासनमापक सापडत नव्हता. ॲडम्स यांना पूर्ण चंद्राच्या दीप्तीचे माप ठाऊक होते. त्यावरून त्यांनी उद्भासन ठरवले. दुसरे चित्र घेण्यापूर्वीच क्रुसांवरील ऊन गेले होते.

उजळ आणि काळोख्या भागांतील अंतर कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर असेल, तर काय राखायचे आणि काय सोडायचे हा निर्णय छायाचित्रकारालाच घ्यावा लागतो. निगेटिव्ह फिल्ममध्ये कमी उद्भासनाने सावलीतील तपशील नाहीसे होतात आणि ते नंतर आणता येत नाहीत. डिजिटल संवेदकात याउलट अति उद्भासनाने उजळ भाग कोरा पांढरा होतो व त्यातील तपशील कायमचा जातो.

त्वचेचा वर्ण आणि मापन

कॅमेऱ्यातील मापक समोरील दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे पांढरी भिंत करडी आणि काळी म्हैसही करडी उमटू शकते. पांढरा विषय चौकट व्यापत असेल तर मापकाने सांगितल्यापेक्षा उद्भासन वाढवावे लागते, काळा असेल तर कमी करावे लागते.

हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. आषाढी वारीत पांढरे धोतर, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घातलेले सावळ्या वर्णाचे वारकरी हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. कपडे चौकटीचा मोठा भाग व्यापतात, मापक त्यांना करडे करू पाहतो, आणि चेहरा काळवंडून त्यावरील भाव हरवतात. ऊन असल्यास कपड्यांवरील प्रकाश आणि चेहऱ्यावरील सावली यांतील अंतर आणखी वाढते. ढगाळ हवेत ते कमी होते. चेहऱ्यावरून मापन करणे, व्यक्तीला आकाशाच्या मोकळ्या बाजूकडे वळवणे किंवा सावलीत उभे करणे हे यावरील उपाय आहेत. सावळी त्वचा मोठ्या मृदू स्रोताच्या प्रतिबिंबातून आकार घेते, म्हणून बाजूचा मृदू प्रकाश तिला विशेष अनुकूल ठरतो.

रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना मिळणाऱ्या ‘शर्ली कार्ड’ या संदर्भपत्रांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. त्यामुळे गडद वर्णाच्या त्वचेच्या छटांकडे दुर्लक्ष झाले, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. सावळा चेहरा चित्रात त्याच्या खऱ्या छटेत उमटावा, याची जबाबदारी अशा वेळी छायाचित्रकाराच्या निरीक्षणावर येते.

प्रकाश पाहण्याचा अभ्यास

नैसर्गिक प्रकाश ओळखण्यासाठी कॅमेऱ्याशिवायही पुढील अभ्यास करता येतात.

१. पांढऱ्या कागदावर अंडे ठेवून ते खिडकीजवळ, खिडकीपासून दूर आणि उघड्या उन्हात पाहणे. प्रकाशापासून सावलीकडे होणारा छटांचा बदल, सावलीची कड आणि कागदावरून अंड्याच्या खालच्या भागावर परतणारा प्रकाश यांत स्पष्ट दिसतो.

२. स्वतःचा तळहात चेहऱ्याच्या उंचीवर धरून जागीच एक पूर्ण फेरी घेणे. हातावरील रेषा कोणत्या दिशेला ठळक होतात आणि कोठे पुसट, हे पाहून व्यक्तीला कोठे वळवावे ते ठरवता येते.

३. डोळे किलकिले करून दृश्य पाहणे. बारीक तपशील नाहीसे होऊन उजळ व काळोखे मोठे आकार उरतात.

४. घरातील एकच कोपरा सकाळी, दुपारी व सायंकाळी, तसेच निरनिराळ्या ऋतूंत पाहून त्याची नोंद ठेवणे.

५. छापील छायाचित्रांत नाकाच्या सावलीवरून प्रकाशाची दिशा ओळखणे. डोळ्यांतील चमकेत अनेकदा खिडकीचा आकारही दिसतो.

मर्यादा व दक्षता

नैसर्गिक प्रकाश सतत बदलतो. दीर्घकाळ चालणाऱ्या कामात पहिल्या व शेवटच्या चित्राचा प्रकाश सारखा राहत नाही. काळोख्या खोलीत संवेदनक्षमता वाढवल्यास चित्रात रवाळपणा येतो, तर शटरचा काळ वाढवल्यास हालचाल पुसट होते. रात्रीच्या वृत्तछायाचित्रणासारख्या कामांत कृत्रिम प्रकाशाला अनेकदा पर्याय नसतो.

सूर्य चौकटीत घेताना विशेष काळजी आवश्यक असते. लेन्समधून सूर्याकडे थेट पाहिल्यास दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. लांब पल्ल्याच्या लेन्सने हा धोका अधिक वाढतो व कॅमेऱ्याच्या संवेदकालाही हानी पोहोचू शकते. खंडग्रास ग्रहणाचे चित्रण करताना लेन्सच्या पुढील बाजूस त्यासाठीच बनवलेला सौर फिल्टर लावणे अनिवार्य आहे. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म किंवा साधा गॉगल यांनी डोळ्यांचे संरक्षण होत नाही.